चार नंबरच्या खोलीची मंजुरी

४ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, कारण पुढे सगळी काळजीच लिहिली आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझ्या घशाला कोरड पडते, आणि तू "हो काका, हो काका" म्हणत दुसरंच काहीतरी टाईप करत असतेस. ते मला ऐकू येतं.

माझ्या हातून घोटाळा झाला आहे. आमची जुनी इमारत पाडून तिथे तुझी कंपनी नवी बांधते आहे, आणि भाडेकरूंचा प्रतिनिधी म्हणून मला नेमलंय. का, तर बाकी सगळ्यांना कामं आहेत आणि मी रिकामा. तूच माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप घालून दिलंस आणि शिकवलंस, की काका, नकाशा आला की उघडायचा, पाहायचा, पटला तर "मंजूर" दाबायचं, नाही तर "नामंजूर". त्याप्रमाणे मी करत आलो. पाण्याचे पाईप, गटार, जिना, सगळं उघडून पाहिलं. निम्मं कळलं नाही, ते इंजिनिअरला विचारलं. तो वैतागला, पण विचारलं.

मागच्या आठवड्यात एक नकाशा आला. वर लिहिलेलं, "खोली नंबर चार, किरकोळ बदल". चार नंबर म्हणजे टेलरबाई. तो मी उघडलाच नाही. तुला माहीत आहे, टपाल कचेरीत माझा उभा जन्म शिक्के मारण्यात गेला. पाकीट आलं, तिकिटावर शिक्का मारला, पुढे सरकवलं. दुसऱ्याचं पाकीट उघडणं सोड, उजेडाला धरलं तरी नोकरी जायची. मला वाटलं, बाईंच्या खोलीतली गोष्ट आहे, त्यांनी मोरी इकडची तिकडे करून मागितली असेल. एकट्या बाईच्या खोलीत आपण कशाला डोकवायचं? दाबलं मंजूर.

काल बांधकामावर गेलो, तर मुकादमाने सिमेंटच्या पोत्यांवर तोच नकाशा पसरला होता. तळमजल्यावर जिथे चार नंबर असायचा, तिथे "दुकान" लिहिलंय. आणि चार नंबर गेला तिसऱ्या मजल्यावर, टाकीच्या खाली. इमारतीला लिफ्ट नाही. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. दोन पायऱ्या चढायच्या तरी आधी काठी वर ठेवतात, मग स्वतःला, आणि मग जिना बांधणाऱ्याचा उद्धार करतात. शिवण टाकायला येणारी माणसं दारातूनच कपडे देतात. तिसऱ्या मजल्यावर कोण येणार ब्लाउज घेऊन?

त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. कालपासून त्यांच्या गल्लीतून न जाता लांबून बाजारात जातो. तुझी काकू म्हणाली, "असं किती दिवस लपाल? तुम्ही काय उधारी बुडवलीय?"

मी माझी मंजुरी परत कशी घेऊ, एवढंच सांग. अ‍ॅपमध्ये शोध शोध शोधलं. मंजूर आहे, नामंजूर आहे, "चुकलो" कुठेच नाही.

तुझा
मोठा काका


८ फेब्रुवारी

मोठ्या काका,

पत्र वाचलं. आधी गोळी घेतलीत का ते सांगा.

आता शांतपणे ऐका. ही मंजुरीची एक साखळी असते. आर्किटेक्ट, इंजिनिअर, भाडेकरूंचा प्रतिनिधी आणि शेवटी इमारतीचे मालक. प्रत्येकाने आपली कडी जोडली की नकाशा पुढच्याकडे जातो. तुम्ही तुमची कडी जोडलीत, ती आता तुम्हाला सोडवता येत नाही. शेवटची मंजुरी मालकांची. ते परगावी आहेत, दोनेक आठवड्यांनी येतील.

सगळी साखळीच रद्द करता येते, पण ते वाटतं तेवढं सोपं नाही. एकाच साखळीत पायाचे आणि गटाराचेही नकाशे आहेत. रद्द केली की सगळ्यांच्या मंजुऱ्या पुसल्या जातात, सगळ्यांना निरोप जातो, आणि ती साखळी परत जिवंत होत नाही. सगळं पहिल्यापासून. काम थांबेल, आणि तुमचेच शेजारी तुम्हाला बोल लावतील, की अजून किती दिवस दुसऱ्याच्या खोल्यांत राहायचं. असले निर्णय वरून होतात. तुम्ही आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन एक अर्ज द्या. पुढच्या वेळी सुधारणा करतील.

टेलरबाईंना इतक्यात काही सांगू नका. उगाच त्यांच्या जिवाला घोर.

मी इथे बघते काय होतंय ते. ऑफिसात खूप काम आहे, म्हणून एवढंच.

तुमची
मुंगी


१२ फेब्रुवारी

मुंगे,

गोळी घेतली. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा काहीतरी खुपलं. काय ते कळेना. तुझं पत्र एरवी असं नसतं. नेहमी तू पाण्याच्या टाकीवरच्या मांजरीबद्दल लिहितेस, जावईबापूंच्या स्वयंपाकाला नावं ठेवतेस. या पत्रात नुसती कंपनी होती.

तू सांगितलंस म्हणून आर्किटेक्टच्या ऑफिसात गेलो. तिथे एक मुलगी बसते, फार चांगली आहे, मला पंख्याखाली बसवलं. तिने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "आजोबा, ही साखळी आम्ही सुरू केलेली नाही. कंपनीतून सुरू झालीय. रद्द करायची तर ज्याने सुरू केली तो करेल, नाही तर कंपनीचा अ‍ॅडमिन." मी म्हटलं, "अ‍ॅडमिन म्हणजे माझी पुतणीच!" ती म्हणाली, "मग तुम्ही इथे कशाला आलात?"

जिन्याने खाली उतरलो आणि फुटपाथवर उभ्या उभ्या विचार करत राहिलो. मुंगे, तुझ्या साखरपुड्यात तू सगळ्यांना सांगत होतीस, की अख्ख्या कंपनीचे कागद माझ्या एका बोटावर चालतात. मग वरून निर्णय घेणारं हे बोट कोणाचं आहे? तू माझ्यावर रागावलीस का? मी मूर्खपणा केला, तो मला मान्य आहे. मोठा झालो म्हणून शहाणा झालो नाही. पण रागावली असशील तर तसं लिही, कंपनीच्या भाषेत लिहू नको.

काकूचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणाली, "अहो, तिची नोकरी आहे. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचंच काम कसं थांबवेल ती?" मी तिला गप्प बसवलं. आपल्या मुंगीबद्दल असं बोलू नये.

आणि दुसरं. टेलरबाईंना मी सांगून टाकलं. तू नको म्हणालीस, पण त्या भाजीवाल्यापाशी मला गाठून म्हणाल्या, "काय हो पोस्टवाले, माझं तोंड पाहिलं की रस्ता का बदलता? नव्या खोलीच्या दाराला पडदा शिवतेय, माप सांगा की, तुम्ही नकाशे बघता." आता माप कुठल्या दाराचं सांगू? सांगितलं सगळं. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नसतं, हेही सांगितलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "पाकीट उघडू नये, बरोबर. पण माझी खोली काय पाकीट होती हो?"

मी म्हटलं, चुकलं.

त्या म्हणाल्या, "मी तिसऱ्या मजल्यावर एकदा चढेन. कशीबशी, बसत बसत चढेन. खाली येईन ती चार जणांच्या खांद्यावरच. तेवढा एक जिना मात्र अरुंद बांधू नका म्हणावं."

भाजीवाला हसला. मला हसू आलं नाही. त्याही हसत नव्हत्या.

मालक येण्याआधी हे थांबलंच पाहिजे. कसं, ते तू सांग. मी ऐकेन, पण आता स्वस्थ बसणार नाही.

काका


१६ फेब्रुवारी

काका,

रागावले नाही. काकू बरोबर बोलली. तिला गप्प बसवलंत त्याबद्दल तिची माफी मागा.

साखळी मी सुरू केली. माझ्या हातांनी. आमच्याकडे नियम असा आहे, की कोणा भाडेकरूची जागा बदलायची असेल तर त्या भाडेकरूची स्वतःची मंजुरी साखळीत घ्यायची. टेलरबाईंची कडी त्यात असायला हवी होती. आमचे साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "हा किरकोळ बदलात टाक. तळमजल्यावर दुकान काढायचंय, त्याला गिऱ्हाईक तयार आहे. एकेका म्हातारीला विचारत बसलो तर इमारत पुढच्या जन्मी उभी राहील." किरकोळ बदलाला भाडेकरूची कडी लागत नाही. मी टाकला. नाव पण मीच दिलं, "किरकोळ बदल". मला ठाऊक होतं प्रतिनिधी म्हणून तो तुमच्याकडे येणार. मनात म्हटलं, काका उघडतील, आरडाओरडा करतील, नामंजूर करतील आणि मग माझ्यावर काही येणार नाही. तुम्ही नेहमी इतके प्रश्न विचारता, काका. नेमकं याच वेळी विचारलं नाहीत.

मला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलाय. महिनाअखेर सही करतो म्हणालेत. जावईबापूंचं काम सुटलंय, ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. म्हणून स्वयंपाक ते करतात. म्हणून नावं ठेवायचं थांबवलंय.

साखळी रद्द करण्याचं बटण माझ्या समोर आहे. दाबलं की कारण लिहायला एक चौकट उघडते. रिकामी सोडता येत नाही, आणि जे लिहीन ते मालकांपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना दिसतं. काय लिहू? दोनदा चौकट उघडली आणि बंद केली. खोटं लिहिलं तर सापडेन, खरं लिहिलं तर साहेब सापडतील.

मालक सोमवारी येतात. माझ्या कागदावर साहेबांची सही होईपर्यंत थांबू का? नंतर कायम झाल्यावर काहीतरी करता येईल. एकदा खांब उभे राहिले की येणार नाही, हेही मला कळतं. तुम्ही सांगाल तसं करीन.

मुंगी


१९ फेब्रुवारी

मुंगे,

काकूची माफी मागितली. ती म्हणाली, "वर्षातून एकदा मागता, तीही पुतणीच्या सांगण्यावरून."

तू बटणाला हात लावायचा नाहीस. ऐकलंस का? हे मी रागाने लिहीत नाही, शांतपणे लिहितोय. शिक्का माझा पडलाय. तू टाकलंस ते टाकलंस, पण भाडेकरूंनी राखणीला मला बसवलं होतं आणि मी डोळे मिटून दार उघडलं. तुझ्या घरात एक माणूस बसून आहे, दुसरं नको.

काल सगळ्या भाडेकरूंना आमच्या सध्याच्या भाड्याच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, आपले शेजारी, ते बँकेतले, तर पलंगावर बसले. मी उभा राहिलो. मला चार माणसांत बोलताना पाय कापतात, हे तुला ठाऊक आहे, म्हणून टेबल धरून उभा राहिलो. म्हटलं, "नकाशा न बघता मी मंजूर केला. टेलरबाईंची खोली गेली. मला ती मंजुरी मागे घ्यायची आहे, आणि त्याने सगळं काम लांबेल."

बँकेतले उसळलेच. "एका खोलीसाठी आम्ही सगळ्यांनी भाड्याच्या खुराड्यात सडायचं? त्यांना वर द्या, खालून सामान चढवायला माणूस ठेवू."

टेलरबाई दाराशी काठी टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सामानाला माणूस ठेवाल. मला चढवायला कोण येणार, तुम्ही? मग आत्ताच उचलून दाखवा. बघू तरी."

बँकेतले पलंगावरच मागे सरकले. कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. मग मास्तरीणबाई बोलल्या, "आज चार नंबर वर गेला. उद्या माझा सात नंबर कुठे जाईल, ते कोण सांगणार? किरकोळ म्हणून सगळंच जाईल." त्यावर खूप भांडण झालं. दोघं चहा न घेता उठून गेले. पण उरलेल्यांनी ठरवलं, मंजुरी मागे घ्यायची. आणि आणखी एक ठरवलं, की मला प्रतिनिधी ठेवायचं नाही. तेही बरोबरच आहे. ऐकताना कान तापले एवढंच.

सोमवारी मालक आले, की मी आणि टेलरबाई त्यांच्या ऑफिसात जाणार. त्यांचं ऑफिस खाली आहे का वर, हे आधी जाऊन बघून आलो. खाली आहे. काय बोलायचं ते पाठ केलंय. साहेबांचं नाव घेणार नाही, तुझं तर नाहीच. म्हणेन, "मी पाहिलं नाही, म्हणून मंजूर केलं. आता पाहिलंय, मंजूर नाही." एवढंच. हाकललं तर दारात बसेन. माझ्याकडे वेळच वेळ आहे, त्यासाठीच मला नेमलं होतं.

तू तुझं काम कर. कायम हो.

काका


१९ फेब्रुवारी

काका,

तुमच्या उत्तराची वाट बघितली नाही. बघितली असती तर तुम्ही "नको" म्हणाला असतात, आणि मला ते ऐकायला फार बरं वाटलं असतं. म्हणूनच नाही बघितली.

आज दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, साखळी रद्द केली. कारणाच्या चौकटीत लिहिलं:

"खोली नंबर चार तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेण्याचा बदल किरकोळ नाही. तिथे राहणाऱ्या भाडेकरूला विचारलेलं नाही. साखळी सुरू करताना ही चूक माझ्याकडून झाली. नवी साखळी त्यांच्या मंजुरीसह सुरू करावी."

साहेबांचं नाव लिहिलं नाही. ते भिऊन नाही, काका. बोट माझं होतं.

बटण दाबल्यावर अ‍ॅपने पुन्हा विचारलं, की नक्की का, हे परत आणता येणार नाही. मी मोठ्याने "नक्की" म्हटलं. रिकाम्या ऑफिसात. मग टेबलाखाली पाय लपवून बसले, कारण ते हलत होते. हे तुमच्याकडूनच आलंय वाटतं.

साहेब जेवून आले. फोन बघितला. माझ्याकडे आले आणि अगदी हळू म्हणाले, "माझ्याजवळ का आली नाहीस आधी?" मी म्हटलं, "तुम्हीच आला होतात साहेब, माझ्याजवळ." ते निघून गेले. अजून काही बोललेले नाहीत. घरी जाऊन जावईबापूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कायमचं काय?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. मी तशीच खाल्ली.

मुंगी


२० मार्च

मुंगे,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं हातात पडलं तेव्हा मी सोमवारसाठी सदऱ्याला इस्त्री करत होतो. वाचलं, आणि काकूने वेळेवर इस्त्री उचलली नसती तर सदरा गेला असता. इतका वेळ लिहिलं नाही, कारण सगळं मार्गी लागेपर्यंत लिहायचा धीर होत नव्हता. फोनवर तू सांगितलंस तेवढं माहीत आहे. कायम केलं नाही, अ‍ॅडमिनचे हक्क काढून घेतले, आणि तुला बांधकामाच्या गोदामावर पाठवलं. तिथे धूळ फार, तोंडाला रुमाल बांधत जा. मला रडू आलं होतं, आता येत नाही. उलट शेजारीपाजारी सांगत सुटलोय, की माझी पुतणी गोदामात आहे आणि का आहे.

साखळी रद्द झाली होती तरी सोमवारी आम्ही गेलोच. बाई म्हणाल्या, "पोरीने दार उघडलंय, आता उंबऱ्यावर आपण उभं नको राहायला?" मालकांनी कारणाची चौकट वाचलेली होती. त्यांनी विचारलं, "हे लिहिणारी कोण?" मी म्हटलं, "माझी पुतणी." बाई मध्येच म्हणाल्या, "ते नातं राहू द्या बाजूला. माझी खोली कुठे आहे ते बोला." मालक हसले नाहीत, चिडलेही नाहीत. दुकान मागच्या बाजूला नेतो म्हणाले, आणि चार नंबर जिथल्या तिथे. काम लांबणार आहे. बँकेतले माझ्याशी बोलत नाहीत, नळावर भेटले तरी बादलीकडे बघतात. बघू दे.

आता भाडेकरूंचा प्रतिनिधी कोण, तर टेलरबाई. एकमताने. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी जातो, फोन धरतो, आणि नकाशातलं एकेक नाव वाचून दाखवतो. माझं वाचून झालं, की त्या मशीनचं चाक थांबवून विचारतात, "म्हणजे काय?" मला येत नसलं, तर इंजिनिअरला फोन. इंजिनिअर आता फोन उचलतो आणि न विचारता "बोला बाई" म्हणतो.

नव्या साखळीतला पहिला नकाशा काल आला. चार नंबर तळमजल्यावर, दुकानाशिवाय, अगदी रस्त्याला तोंड करून. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "दाबा बाई, मंजूर दाबा."

त्यांनी बोट दाराच्या चित्रावर ठेवलं. "ही पुढची आडवी रेघ कसली?"

मी मोठं करून पाहिलं. इंजिनिअरला विचारलं. "पायरी आहे," तो म्हणाला. "एकच आहे, बाई. जेमतेम वीतभर."

"मग ती तुम्ही चढा," बाई म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "नामंजूर कुठे असतं हो, पोस्टवाले?"

मी दाखवलं. त्यांनी दाबलं. कारणाची चौकट उघडली, आणि त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

काका